झाकणाच्या आतली नूत

ताखारू पेटीत जाऊन आडवी झाली, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि म्हणाली, "हं, ठेवा आता झाकण."

पाशेद सुताराने केन्नाकडे पाहिलं, केन्नाने पाशेदकडे. दोघांचा जन्म शवपेट्या करण्यात गेला होता, एक लाकूड जोडायचा, दुसरा रंगवायचा. पण जिवंत बाईवर झाकण ठेवायची वेळ कधी आली नव्हती.

"अहो मावशी, मेल्यावर ठेवतात ते," पाशेद म्हणाला.

"मेल्यावर काय दिसतं ते मेल्यावर बघेन. आज काय दिसतं ते आज बघू दे. आणि तू मला शिकवू नकोस हं, पाशेद. पायाकडून आला होतास, उलटा. अख्खी दुपार खाल्लीस माझी."

यावर पाशेदला तोंड नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं. राजांची थडगी खोदणाऱ्या नि रंगवणाऱ्यांचं ते गाव, एकच गल्ली आणि तिच्या दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून बसलेली घरं. त्या घरांतल्या बहुतेकांना ताखारूने स्वतःच्या हाताने या जगात ओढून आणलं होतं. असली सुईण नदीच्या पलीकडच्या मोठ्या शहरातही नाही, असं बायका म्हणत. त्यामुळे ती कुणालाही काहीही बोलायची, आणि मुकादमसुद्धा मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

आता तिचे पाय सुजले होते. चार पावलं टाकली की धाप लागायची. असली सूज तिने इतरांची पुष्कळ पाहिली होती. पुढे काय होतं ते तिला कुणी सांगायला नको होतं. म्हणून तिने पेटीची घाई लावली होती.

पेटीही तिच्यासारखीच, साऱ्या गावची. बाळंतपण नीट पार पडलं की लोक तिला धान्य द्यायचे, तेल द्यायचे, आणि ज्याच्या घरी लाकूड असेल तो लाकूड द्यायचा, कारण त्या मुलखात लाकूड सोन्यासारखं. एक फळी कुणाच्या बाजेची, एक जुन्या दाराची, एक मोडक्या तिवईची. पाशेदने ती कुरकुरत जोडली, भेगा मातीने भरल्या, वरून पांढरा गिलावा दिला, आणि सगळं इतकं एकजीव केलं की उंबराच्या एका बुंध्यातून कोरलीय असं वाटावं. उशाशी केन्नाने नेफ्थिस काढली होती, पायाशी इसिस, मेलेल्यांची राखण करणाऱ्या या दोघी बहिणी-देवी पंख पसरून बसलेल्या. पण केन्नाचं नाव होतं ते झाकणाच्या आतल्या नूतसाठी. आकाशाची देवी नूत. संध्याकाळी सूर्याला गिळते, रात्रभर पोटात वागवते आणि सकाळी पुन्हा जन्माला घालते. मेलेल्या माणसावर ती अशीच पसरायची असते, डोक्यापासून पायापर्यंत, म्हणजे मग त्याचीही सकाळ होते.

दोघांनी झाकण उचललं आणि हातभर वर धरून ठेवलं. फटीतून उजेड आत जात होता. केन्ना वाट पाहू लागला. ही नूत त्याला स्वतःला फार आवडली होती. अंगभर चांदण्या, लांबसडक हात वर नेलेले, कपाळापासून नाकापर्यंतची रेघ एका दमात ओढलेली. आता म्हातारी काहीतरी चांगलं बोलेल, असं त्याला वाटलं. माणूस कितीही मोठा कारागीर झाला तरी सुईणीच्या तोंडून शाबासकी ऐकायला लहान होतो.

"केन्ना," आतून आवाज आला, "ही बघतेय कुठे?"

"म्हणजे?"

"मी इथे आहे, खाली. ही भिंतीकडे बघतेय."

"मावशी, देव बाजूनेच काढतात. एक डोळा, एक कान, नाक पुढे. माझ्या बापाने तसेच काढले, त्याच्या बापाने तसेच काढले."

"मग मी काय हिचा कान बघत पडू? कायमची?"

पाशेदला हसू आलं आणि झाकण हललं. "नीट धर रे," ताखारू ओरडली, "अजून मेले नाही मी!" मग दोघांनी झाकण बाजूला ठेवलं आणि तिला हात देऊन उठवून बसवलं. ती पेटीतच बसून राहिली. धाप कमी झाल्यावर बोलली, तेव्हा आवाजातली थट्टा गेली होती.

"तुम्ही सगळे बाहेर आलात ना, तेव्हा पहिलं तोंड माझं बघितलंत. रक्ताने माखलेलं पोर हातात आलं की मी आधी त्याच्याकडे बघायची. नाळ नंतर, पाणी नंतर. का, तर आलेल्या जिवाला कळायला पाहिजे की इथे कुणीतरी आपली वाट बघत होतं. आता मी जाणार. तिकडे अंधारात मी येईन तेव्हा माझ्याकडे कुणी बघायला नको? मला भीती वाटते रे. दुसरं काही मागत नाही. हिला माझ्याकडे बघायला लाव."

केन्ना हो म्हणून बसला. नाही कसं म्हणणार? आणि ती गाढवावर बसून घरी गेल्यावर त्याला दरदरून घाम फुटला. कारण समोरून बघणारं तोंड त्याला काढता येत नव्हतं.

त्यालाच काय, कुणालाच येत नव्हतं. गेरूत बुडवलेलं सूत ताणून मारायचं, चौकटी पाडायच्या, कपाळ कुठल्या चौकटीत आणि टाच कुठल्या चौकटीत हे ठरलेलं. त्या चौकटींत राजा बसतो, राणी बसते, बैल बसतो, आणि सगळे बाजूने. समोर बघणाऱ्या माणसाला त्या चौकटींत जागाच नव्हती.

घरी याबद्दल बोलायची सोय नव्हती. केन्नाची बायको वाबेत ताखारूशी बोलत नसे. बोलत नसे हे कमीच झालं. ती तिच्याकडे बघतही नसे. एकाच गल्लीत राहायचं, गाढवांवरून आलेलं पाणी एकाच मोठ्या रांजणातून भरायचं, आणि समोरून ताखारू आली की वाबेत भरला घडा घेऊन उलटी फिरायची. कितीतरी वर्षं हे चाललं होतं. वाबेतचं एकच पोर दिवस भरेपर्यंत टिकलं होतं. त्या दिवशी ताखारू गल्लीच्या वरच्या टोकाला लेखनिकाच्या घरी अडकलेली, तिथेही बाई बाळंतपणाच्या विटांवर बसलेली. ती येईपर्यंत उशीर झाला. वाबेतची शुद्ध गेली आणि ती शुद्धीवर आली तेव्हा पोर कापडात गुंडाळलेलं होतं. "मेलेलाच आला गं," ताखारू म्हणाली होती.

लहान पोरांना कसली पेटी? केन्नाने त्याला द्राक्षाच्या दारूच्या रिकाम्या रांजणात ठेवलं, तोंड मातीने बंद केलं आणि गावाच्या पूर्वेच्या उतारावर इतर पोरांच्या शेजारी पुरलं. कापडाच्या घडीतून तेव्हा एक निळी दोरी डोकावत होती, एवढं त्याला आठवत होतं. ती कसली, हे विचारायचं भान त्या दिवशी नव्हतं, नंतर धीर नव्हता.

वाबेत त्याबद्दल एकच वाक्य बोलायची, तेही वर्षाकाठी एखाद्या वेळी, भाकरी भाजता भाजता. "त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही." आणि मग भाकरी उलटायची.

तर केन्नाने कामाला सुरुवात केली. चुनखडीच्या कपचीवर काजळीने आधी चित्र करून बघायचं, ही त्याची पद्धत. समोरून तोंड असलेलं काय काय आपण रोज काढतो, याचा त्याने विचार केला. चित्रलिपीच्या अक्षरांमध्ये घुबड समोर बघतं. सगळे पक्षी बाजूने, एकटं घुबड काय ते मान वळवून बघणाऱ्याकडे टक लावतं. त्या घुबडाच्या मापाने त्याने तोंड काढलं, वर केस काढले, आणि कपची घेऊन ताखारूच्या दाराशी गेला. ती उंबऱ्यावर बसून पाय पाण्याच्या परातीत सोडून होती.

तिने कपची लांब धरली, जवळ धरली.

"केन्ना, ही आई आहे की घुबड?"

"जरा घुबडाकडे झुकलंय," केन्ना म्हणाला.

"झुकलंय कसलं, फांदीवर बसलंय! उंदीर पकडून देईल ती मला."

मग त्याने बेसचा आधार घेतला. बुटका, दाढीवाला, जीभ काढणारा बेस देव खाटांच्या पायांवर असतो, बाळंतिणीची राखण करतो, आणि तो नेहमी समोरून. दाढी काढून टाकली, जीभ आत घातली. ताखारूने कपची बघितली आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. "याच्याबरोबर जन्मभर काम केलं मी," ती म्हणाली, "आता तरी सुट्टी दे बाबा त्याला!"

तिसऱ्या खेपेला त्याने वाबेतचा आरसा गुपचूप उचलला. आरशाच्या मुठीवर हाथोर देवी होती, गाईच्या कानांची, समोर बघणारी. ती त्याने फार निगुतीने उतरवली. कान माणसाचे केले. या वेळी ताखारू हसली नाही. बराच वेळ बघत राहिली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण ही बघत नाही रे. ही मिरवतेय. मी हिच्याकडे बघायचं, असं आहे हे. ही माझ्याकडे नाही." आणि तिने कपची परत दिली. "केन्ना, लवकर कर बाबा. आता पाणी पोटात चढायला लागलंय."

पुढचे दिवस केन्नाने नुसते डोकं धरून काढले. कपच्यांचा ढीग झाला. पाशेद येता-जाता त्यात घुबडं मोजायचा.

एकदा दुपारी पाशेद जेवायला गेला असताना केन्नाच्या मनात आलं, आपण उभ्याने काढतोय हीच तर चूक नसेल? बघणारी म्हातारी असणार पाठीवर पडलेली. त्याने आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. मग तो देवांची क्षमा मागत पेटीत उतरला आणि आडवा झाला. वर झाकण नव्हतं, छपराच्या ताडपानांतून उजेडाचे ठिपके पडत होते. आत लाकडाचा, गिलाव्याचा, गारव्याचा वास होता. त्याने हात छातीवर ठेवले आणि नूत कुठून बघेल याचा अंदाज घेऊ लागला. दोन दिवसांची झोप राहिलेली, अंदाज घेता घेता त्याचे डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

वाबेत त्याची भाकरी, कांदे आणि जवाच्या दारूची सुरई घेऊन आली, तेव्हा तिला नवरा पेटीत पडलेला दिसला.

सुरई फुटल्याच्या आवाजाने केन्ना जागा झाला. डोळे उघडले तर वर वाबेत. पेटीच्या दोन्ही कडा धरून ती वाकली होती आणि तिचे केस दोन्ही बाजूंनी खाली आले होते. सगळा उजेड त्या केसांनी अडवला होता. गाल पुढे आलेले, कपाळ मोठं, हनुवटी लहानशी, आणि डोळे, दोन्ही डोळे, एकसारखे, त्याच्यावर रोखलेले. इतकी वर्षं एका घरात काढली होती, पण आपली बायको अशी दिसते हे केन्नाला माहीतच नव्हतं. त्या तोंडावर भीती होती, राग होता, आणि या पेटीतून तुला बाहेर ओढल्याशिवाय मी हलणार नाही, असं काहीतरी होतं. आपल्याकडे कुणी असं बघत असेल तर कुठेही जायला माणूस भिणार नाही, असं त्याला वाटलं.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"मुडद्या!" वाबेतने फाडकन त्याच्या गालात दिली. "मला वाटलं गेलास! इथे काय झोपतात? शरम नाही वाटत? माझी नवी सुरई गेली!"

"वाबेत, एकदा, एकदाच पुन्हा वाक."

"डोक्यावर ऊन बसलंय तुझ्या," ती म्हणाली आणि भाकरी त्याच्या पोटावर टाकून निघून गेली.

केन्नाने भाकरीला हात लावला नाही. झाकण ओढून घेतलं, आपली ती लाडकी बाजूच्या तोंडाची नूत मानेपासून वर खरवडून काढली, नवा गिलावा दिला. या वेळी सूत मारलं नाही. चौकटी पाडल्या नाहीत. गाल अजून झणझणत होता, तशातच त्याने केस काढले, दोन्ही बाजूंनी खाली येणारे. मग कपाळ, मग गाल. अंग तेच राहिलं, चांदण्यांचं. सगळ्यात शेवटी दोन डोळे. दुसरा डोळा भरला गेला तसा केन्ना दोन पावलं मागे सरकला. आपण काय करून बसलो हे त्याला त्या वेळी कळलं.

पाशेद आला, झाकणासमोर उभा राहिला. मग डावीकडे सरकला. मग उजवीकडे.

"बाजूला झालं तरी बघतेच आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "कुठेही जा, बघतेच आहे. केन्ना, मी शंभर झाकणं जोडली असतील रे, पण असलं..." त्याने गुडघे टेकले, हात वर केले आणि खरोखर नमस्कार केला. उठता उठता मात्र तो पुन्हा थबकला. "ही तुझी वाबेत आहे."

"नूत आहे ती."

"नूत आहेच. पण वाबेतसारखी आहे."

पाशेदच्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे जाळ्यात पाणी राहणं. दुसऱ्या दिवशी सकाळीच बायका बघायला यायला लागल्या. आत येताना बडबडत यायच्या आणि झाकणापुढे आल्या की आवाज आपोआप खाली जायचा. एक तर पोर कडेवर घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली. "आमच्या पेटीवर पण अशीच हवी," जाताना म्हणाली.

आणि त्यांच्या मागून वाबेत आली. तिच्या हातात ओला फडका होता. बायका पटापट बाहेर पडल्या, आणि बाहेर जाऊन कुडाला कान लावून उभ्या राहिल्या.

वाबेतने झाकणाकडे पाहिलं. क्षणभर तिचाही फडक्याचा हात खाली गेला, हे केन्नाने बघितलं. मग तिने दात आवळले.

"पूस ते."

"वाबेत..."

"जिच्याकडे इतकी वर्षं बघितलं नाही, तिच्याकडे मी आता कायमची बघत पडू? तिच्या अंगावर पसरू? माझं पोर तिकडे रांजणात. त्याच्यावर कुठली नूत काढलीस तू? मातीचं बूच मारलंस! आणि हिला माझं तोंड?"

ती बोलली त्यातला शब्दन् शब्द खरा होता. तो म्हणाला, "मला दुसरं तोंड काढता येत नाही. माझ्याकडे असं बघणारं दुसरं कुणी नाही. मी नाही पुसणार. तुला पुसायचं तर तू पूस. रंगावर अजून राळ चढवलेली नाही, ओल्या फडक्याने सहज जाईल. पण डोळे गेले की ती आंधळी होईल, आणि म्हातारी आंधळ्या देवीखाली जाईल. दुसरी करायला आता तिच्याकडे दिवस नाहीत."

वाबेतने फडक्याचा हात वर नेला. तेवढ्यात बाहेर गाढवाचं ओरडणं ऐकू आलं, बायकांची पळापळ झाली, आणि पाशेदच्या खांद्याचा आधार घेत ताखारू आत आली. तिचं पोट फुगलं होतं, ओठ निळे पडले होते. तिने वाबेतला बघितलं, फडका बघितला, आणि सरळ पेटीकडे गेली. पाशेदने नि केन्नाने तिला उचलून आत निजवलं. वाबेतला बाहेर जायचं तर त्यांच्यामधून जावं लागलं असतं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

दोघांनी झाकण वर धरलं.

आतून नुसता धापेचा आवाज, आणि तोही हळूहळू निवत गेला. केन्नाचे हात भरून आले.

"आता बघतेय," ताखारू म्हणाली. "आता बघतेय बाई माझ्याकडे." आणि मग थोड्या वेळाने, "वाबेत, तू आहेस ना गं इथे?"

वाबेतने फडका दुसऱ्या हातात घेतला.

"तुझा मुलगा मेलेला आला नव्हता."

पाशेदच्या बाजूने झाकण एकदम खाली आलं. केन्नाने जोर लावून ते सावरलं.

"थोडाच वेळ होता. पण श्वास घेतला त्याने. डोळे उघडले. काळेभोर, मोठ्ठे. आणि असा सरळ माझ्याकडे बघायला लागला. तुझी शुद्ध हरपलेली. मी म्हटलं, अरे राजा, मी नाही तुझी आई, आई ती बघ तिकडे. माझ्या गळ्यातला तावेरेत देवीचा ताईत काढून त्याच्या गळ्यात बांधला, तिला म्हटलं पोटातल्या पोरांना सांभाळतेस, बाहेर आलेल्याला सांभाळ. त्याला घेऊन तुझ्याकडे वळले, तेवढ्यात डोळे मिटले त्याने."

ती निळी दोरी. केन्नाच्या डोळ्यांपुढे ती घडी जशीच्या तशी उभी राहिली. सुईण असून ताखारूचा गळा कायम मोकळा असतो, ही गावातली जुनी थट्टा होती. तावेरेत विकून दारू प्यायली, असं लोक हसून म्हणायचे, आणि तीही हसायची.

"मला का नाही सांगितलंस?" वाबेत म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक आला की केन्नाने वळून बघितलं.

"काय सांगू? जिवंत आला आणि माझ्या हातात गेला? आधीच उशिरा आले होते. मला भीती वाटली गं. तू मला शिव्या देशील, त्याची नाही. तू विचारशील, रडला का, कुणासारखा होता, आणि मला सांगत बसावं लागेल, त्याची."

"रडला?"

"नाही. नुसता बघत होता."

"घाबरला होता?"

"नाही गं. मी बघत होते ना त्याच्याकडे."

कुडाच्या बाहेर कुणीतरी हुंदका दिला. वाबेत भिंतीपासून सुटली. "काढा ते झाकण," ती म्हणाली. केन्ना नि पाशेदने झाकण बाजूला नेऊन उभं केलं. वाबेत पेटीपाशी आली, दोन्ही कडा धरल्या आणि खाली वाकली. तिचे केस दोन्ही बाजूंनी खाली आले. केन्नाला एकाच वेळी दोन्ही दिसत होत्या, झाकणावरची आणि ही, आणि आपण काढलेली थोडी कमी पडलीय असं त्याला वाटलं.

ताखारूने वर पाहिलं. इतक्या वर्षांनी दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तिकडे तो भेटेल तुला," वाबेत म्हणाली. "तुला ओळखेल. मला नाही ओळखणार."

"मीही ओळखेन. माझी तावेरेत आहे त्याच्या गळ्यात."

"त्याला आत घे. तुझ्याजवळ."

"घेते. पाशेदने पेटी ऐसपैस केलीय. मी अशी मूठभर."

"आणि वर दाखव त्याला. सांग..." वाबेतला पुढे बोलवेना. तिच्या डोळ्यांतलं पाणी ताखारूच्या कपाळावर पडलं. म्हातारीने ते पुसलं नाही.

"सांगते," ती म्हणाली. "म्हणते, अरे राजा, त्या दिवशी चुकून माझं तोंड बघितलंस. वर बघ. ही तुझी आई."

वाबेत तशीच वाकून राहिली. मग तिने मागे न बघताच हातातला फडका केन्नाकडे धरला.

"राळ चढव रे तिच्यावर," ती म्हणाली. "दोन हात दे. पुसली जायला नको."